संगणकशास्त्रात पीएचडीला जायचंय? आधी मागचं नीट लावून घ्या

पीएचडीच्या पहिल्या मुलाखतीला मी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये अठरा सर्टिफिकेटं घेऊन गेले होते. पायथनचा ऑनलाइन कोर्स, दोन हॅकेथॉन, टेक-फेस्टला स्वयंसेवक, कुठल्याशा 'राष्ट्रीय परिषदे'त पेपर वाचल्याचं एक, असं सगळं. समोर चौघं बसले होते. त्यांतल्या एका सरांनी फोल्डर उघडलं, तीन पानं उलटली, मिटलं आणि माझ्याकडे परत सरकवलं. "बीईच्या प्रोजेक्टमध्ये काय चाललं नाही ते सांगा." मी काय काय चाललं ते सांगायला लागले. त्यांनी हात वर केला. "न चाललेलं विचारलंय."

त्या वर्षी माझं झालं नाही. पुढच्या वर्षी झालं, तोवर फोल्डर घरी माळ्यावर गेलं होतं. आता शेवटच्या वर्षाला आहे आणि सांगली, नांदेड, अमरावतीकडची मुलं-मुली फोन करतात तेव्हा प्रश्न ठरलेला असतो: "ताई, माझं बॅकग्राउंड चालेल का?" त्यांना फोनवर तुकड्या-तुकड्यांनी जे सांगते ते इथे एकदा सलग लिहिते.

निवड समितीला तुमच्या कागदांसाठी फार तर दहा मिनिटं मिळतात. तेवढ्यात त्यांना एवढंच बघायचं असतं की, ज्याचं उत्तर आधी कुणालाच माहीत नाही अशा कामात हा माणूस कधी शिरलाय का, आणि शिरून काही हाती घेऊन बाहेर आलाय का. खालची प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे.

पायरी १: कुठल्या दारातून जायचं ते ठरवा

युजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२च्या नियमांनुसार पीएचडीला दोन वाटांनी जाता येतं. पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के असतील तर एक. किंवा चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर थेट. राखीव प्रवर्गांना दोन्हीकडे ५ टक्क्यांची सूट आहे. म्हणजे एमसीए, एमएस्सी, एमई झालेले पहिल्या वाटेने येतात, आणि चांगल्या मार्कांचे बीईवालेही आता दुसऱ्या वाटेने येऊ शकतात. तीन वर्षांच्या बीएस्सी आयटीवर थेट जाता येत नाही. आयआयटी आणि बंगळूरची आयआयएस्सी यांचे प्रवेशाचे नियम त्यांचे स्वतःचे असतात. बीईनंतर गेट या देशपातळीवरच्या परीक्षेच्या जोरावर तिथे थेट पीएचडीला घेतात, पण प्रत्येक विभागाची अट वेगळी. ती त्या-त्या विभागाच्या पानावरच वाचा, व्हॉट्सअॅपवर फिरणारा तक्ता धरून बसू नका.

परीक्षांचं थोडक्यात. गेटचा सीएसचा पेपर ६५ प्रश्नांचा, १०० गुणांचा, तीन तासांचा. परीक्षा फेब्रुवारीत आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. २०२४पासून डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपरही सुरू झालाय. राज्य विद्यापीठांत जायचं तर नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा किंवा त्या विद्यापीठाची स्वतःची पेट, म्हणजे पीएचडी प्रवेश परीक्षा. जून २०२४पासून नेटच्या निकालात तीन गट पडतात: जेआरएफ (दरमहा पैसे देणारी संशोधन फेलोशिप), सहायक प्राध्यापक, आणि फक्त पीएचडी प्रवेश. शेवटच्या दोन गटांना प्रवेशासाठी हा नेटचा निकाल एकच वर्ष चालतो. गेटचं गणित इथे लावलं तर वर्ष वाया जाईल. सैद्धांतिक संगणकशास्त्र आवडत असेल तर मुंबईच्या टीआयएफआरची स्वतःची परीक्षा आहे, आणि जेस्ट नावाची परीक्षा आहे, जिच्यावरून चेन्नईच्या गणित विज्ञान संस्थेत जाता येतं. आपल्याकडच्या मुलांना ही दोन नावं मुळात ठाऊकच नसतात. मलाही नव्हती.

पायरी २: दोन विषय तळापासून करा

बहुतेक ठिकाणी मुलाखतीच्या सुरुवातीलाच विचारतात, तुमचे आवडीचे विषय कोणते? इथे "मशीन लर्निंग" म्हणणाऱ्यांची रांग असते. म्हणा, हरकत नाही. पण पुढचा प्रश्न रेषीय बीजगणितावर किंवा संभाव्यतेवर येणार. आयगेन व्हॅल्यू म्हणजे काय ते चित्र काढून सांगता येत नसेल तर तो विषय आवडीचा म्हणू नका.

प्रश्न कसे येतात त्याचा एक नमुना. मला दुसऱ्या वर्षीच्या मुलाखतीत विचारलेला: n संख्यांची यादी आहे. त्यातली एक संख्या निम्म्याहून जास्त वेळा आली आहे. ती शोधा.

पहिलं उत्तर सगळेच देतात: यादी क्रमाने लावा, मधली संख्या घ्या. बरोबर आहे, पण क्रम लावायला n लॉग n वेळ गेला. दुसरं उत्तर: हॅश टेबलात मोजत जा. वेळ वाचला, जागा गेली. मग समोरून येतं, "जादा जागा न वापरता, यादी एकदाच वाचून?" ज्यांनी नोकरीच्या मुलाखतींसाठी घोकंपट्टी केलेली असते ते लगेच बॉयर आणि मूर यांची मतमोजणीची युक्ती फळ्यावर लिहून मोकळे होतात: एक उमेदवार, एक मोजणी, तीच संख्या आली तर एक वाढवा, दुसरी आली तर एक कमी करा, शून्य झालं की पुढची संख्या उमेदवार. पाच ओळी. आणि इथेच समिती विचारते, "हे बरोबर का चालतं?"

शांतता. खरं तर उत्तर बाजाराच्या हिशेबाइतकं साधं आहे. यादीतून दोन वेगवेगळ्या संख्यांची जोडी उचलून फेकून द्या. त्या जोडीत बहुमतवाली संख्या असली तर फार तर एकदाच असेल. म्हणजे एकूण दोन गेल्या, तिची एकच गेली. उरलेल्यांत ती निम्म्याहून जास्तच राहिली. असं फेकत गेलं की शेवटी उरेल ती तीच. मोजणी एकने कमी करणं म्हणजे एक जोडी फेकणं. एवढं बोलता आलं की पुढचे प्रश्नही जमतात. बहुमत असेलच अशी खात्री नसेल तर? यादी पुन्हा एकदा वाचून मोजा. निम्म्याऐवजी एक तृतीयांशाहून जास्त वेळा येणाऱ्या शोधायच्या तर? दोन उमेदवार, दोन मोजण्या, आणि जोडीऐवजी तिघांचं टोळकं फेका.

मला ती पाच ओळींची युक्ती आठवली नव्हती. जोड्या फेकण्याची कल्पना मात्र धडपडत, एकदा चुकून, फळ्यावर सुचली. माझ्या मते माझा प्रवेश तिथे झाला. म्हणून सांगते, डिस्क्रीट मॅथ्स, अल्गोरिदम, संभाव्यता, ऑपरेटिंग सिस्टिम, थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन यांतले कुठलेही दोन घ्या आणि प्रत्येक सिद्धतेपुढे स्वतःला "का?" विचारा. बाकीचे विषय गेटपुरते झाले तरी पुष्कळ.

पायरी ३: एक काम शेवटपर्यंत न्या

बीईच्या प्रोजेक्टची आपल्याकडे जी अवस्था असते ती तुम्हाला माहीत आहे. चौघांचा गट, एक कोड लिहितो, एक रिपोर्टचं बाइंडिंग करतो, दोघं व्हायवाच्या दिवशी टाय लावून येतात. पण तेच वर्ष वेगळं वापरता येतं. २००२ साली मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी एखादी संख्या मूळ आहे की नाही हे बहुपदी वेळात (म्हणजे संख्येतले आकडे वाढले तरी वेळ आवाक्यात ठेवून) ठरवण्याची रीत शोधली, तेव्हा कयाल आणि सक्सेना आयआयटी कानपूरमधून नुकतेच बीटेक झाले होते. त्या कामाची सुरुवात त्यांच्या बीटेकच्या प्रोजेक्टातच होती. दचकू नका, तेवढं कुणी मागत नाही.

जवळचं उदाहरण घ्या. पुण्यातल्या पीआयसीटीच्या विद्यार्थ्यांनी एलथ्रीक्यूब या गटाबरोबर २०२१मध्ये 'महासेंट' हा मराठी ट्विटांचा संच तयार केला. सुमारे १६ हजार ट्विट, प्रत्येकावर सकारात्मक, नकारात्मक किंवा तटस्थ अशी खूण. ऐकायला हे कारकुनी काम वाटतं. बसून पाहा म्हणजे कळेल. "वा, काय रस्ते आहेत आमच्या गावात!" हे वाक्य सकारात्मक की नकारात्मक? तुमची मैत्रीण एक म्हणेल, तुम्ही दुसरं म्हणाल. मग तुमच्या दोघींचं किती जुळतं ते मोजायचं. त्यासाठी कोहेनचा कप्पा नावाचं माप आहे. जिथे जुळत नाही ती वाक्यं बाजूला काढून का जुळत नाही ते बघायचं. उपरोध आहे? बोलीतला शब्द आहे? की आधीचा संदर्भच हरवलाय? हे शोधायला लागलात की तुम्ही संशोधनच करताय, आणि त्याला जीपीयू लागत नाही.

असं काही सुचत नसेल तर सगळ्यात खात्रीचा मार्ग सांगते. गेल्या तीन-चार वर्षांतला तुम्हाला आवडलेला एक पेपर घ्या आणि त्यातला एखादाच तक्ता स्वतः पुन्हा काढून बघा. आकडे जुळले तर दुसऱ्या डेटावर चालवा. जुळले नाहीत तर का नाही, त्याच्या मागे लागा. मी बीईनंतर हेच केलं. पेपरातल्या आकड्यापेक्षा माझा आकडा सहा टक्क्यांनी खाली होता. पाच आठवडे कोडमधली चूक शोधत होते. निघालं असं की मूळ लेखकांनी चाचणीच्या डेटातली दुहेरी आलेली वाक्यं काढलीच नव्हती. त्यावर मी चार पानांचं टिपण लिहिलं, कोडसकट गिटहबवर ठेवलं. दुसऱ्या मुलाखतीत निम्मा वेळ त्या चार पानांवर गेला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत बाहेर पडता आलं तर उत्तम. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. कुठल्या तरी प्रयोगशाळेत दोन महिने बसायला मिळतं. पदवी झाल्यावर वर्ष-दोन वर्षं थांबायची तयारी असेल तर आयआयटीतल्या प्रकल्पांवर प्रोजेक्ट असोसिएटची पदं निघतात, आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळूरच्या प्रयोगशाळेत रिसर्च फेलो म्हणून घेतात. ज्यांचे मार्क बेताचे आहेत त्यांच्यासाठी हा पूल फार कामाचा आहे. तिथल्या प्राध्यापकाने वर्षभर तुमचं काम पाहिलं की सीजीपीए मागे पडतो.

पायरी ४: पेपरच्या मोहात पडू नका

यावर जरा रागानेच लिहिते, समजून घ्या. आमच्या कॉलेजात प्रोजेक्टचे काही गुण 'प्रकाशित पेपर'ला होते. मग काय, एक वेबसाइट सापडली: फी १,५०० रुपये, तीन दिवसांत स्वीकृती, सोबत प्रत्येक लेखकाला ई-सर्टिफिकेट. आम्ही चौघांनी वर्गणी काढली. गाइड सरांचं नाव पाचवं आणि विभागप्रमुखांचं सहावं; त्यांनी तो पेपर वाचलाही नव्हता. तपासनिसाचा एकमेव अभिप्राय होता, "गुड वर्क, अॅक्सेप्टेड". पहिल्या मुलाखतीत तो पेपर मी यादीत सगळ्यात वर ठेवला होता. समितीतल्या मॅडमनी नियतकालिकाचं नाव वाचलं आणि एकमेकांकडे बघून ते लोक जे हसले ते अजून आठवतं.

असा पेपर तुमच्या नावावर आधीच असेल तर लपवू नका, पण मिरवूही नका. विचारलं तर सरळ सांगा की कॉलेजच्या गुणांसाठी टाकला होता. नवा मात्र टाकू नका. युजीसीने २०२२च्या नियमांत पीएचडीच्या प्रबंधाआधी पेपर छापलाच पाहिजे ही देशव्यापी सक्ती काढली, आणि २०२५मध्ये मान्य नियतकालिकांची आपली केअर यादीही बंद केली. त्यामुळे "केअर लिस्टेड आहे" असं सांगून पैसे मागणाऱ्याला तर दारातच थांबवा.

मग चांगलं काय ते कसं ओळखायचं? डीबीएलपी नावाची संगणकशास्त्राच्या प्रकाशनांची सूची आहे, जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात १९९३मध्ये सुरू झालेली. ज्या परिषदेत लिहायचंय ती त्यात आहे का बघा. नसेल तर सावध व्हा. कार्यक्रम समितीतली दोन-तीन नावं उचला आणि ती माणसं स्वतः कुठे लिहितात ते शोधा. कोअर नावाच्या यादीत संगणकशास्त्राच्या परिषदांना ए-स्टार, ए, बी, सी अशा श्रेणी दिलेल्या असतात, त्यावरून अंदाज येतो. आणि घरच्यांना, प्राचार्यांना समजावून सांगायची तयारी ठेवा की आपल्या विषयात परिषदेतला पेपर जर्नलपेक्षा कमी मानत नाहीत. न्यूरिप्स, एसीएल, सिगमॉड अशा मोठ्या परिषदांत छापून येणं हे बहुतेक जर्नलांपेक्षा अवघड आहे. केमिस्ट्रीवाल्या काकांना हे पटत नाही. सोडून द्या.

सुरुवातीला मोठ्या परिषदेला जोडून होणाऱ्या कार्यशाळेत लिहिणं योग्य. महासेंटचा पेपरही अशाच एका कार्यशाळेत आला होता. अर्काइव्ह या खुल्या संकेतस्थळावर टाकलेल्या मसुद्याला 'प्रीप्रिंट' म्हणा, 'प्रकाशित' म्हणू नका. समितीला फरक कळतो.

पायरी ५: नोकरीची वर्षं कशी मांडायची

हिंजवडीत दोन वर्षं काढलेल्यांना वाटतं ती वाया गेली. तसं नसतं, फक्त मांडताना चूक होते. "जावा, स्प्रिंग बूट, एडब्ल्यूएस, अजाइल" अशी ओळ कुणी वाचत नाही. त्या दोन वर्षांत एकदा तरी असं झालं असेल की काहीतरी हळू चालत होतं आणि कारण कुणाला सापडत नव्हतं. तुम्ही काय मोजलं, कुठला अंदाज चुकला, शेवटी काय निघालं? ते तीन वाक्यांत लिहा. माझ्या मैत्रिणीने लिहिलं होतं की रात्रीचा बॅच जॉब साडेचार तास घेत होता. सगळ्यांनी डेटाबेसवर खापर फोडलं. तिने लॉगच्या वेळा लावून दाखवलं की वेळ एकाच कुलपापाशी (एका वेळी एकाच कामाला आत सोडणाऱ्या 'लॉक'पाशी) रांग लागण्यात जातोय. तिला आता वितरित प्रणालींवर पीएचडी करायची होती. याहून चांगलं कारण कुठलं असणार?

कंपनीचा गोपनीय तपशील मात्र लिहू नका. ग्राहकाचं नाव तर अजिबात नाही.

पायरी ६: शिफारसपत्रं

परदेशी अर्जाला बहुधा तीन लागतात, इथे कुठे दोन, कुठे नाहीतच. आपल्याकडचा समज असा की पत्र जितक्या मोठ्या खुर्चीवरून तितकं वजनदार. विभागप्रमुखांनी तुम्हाला वर्गात पाहिलेलंही नसतं. त्यांच्या लेटरहेडवर "मुलगी हुशार, मेहनती आणि सुस्वभावी आहे" एवढंच उमटतं. त्यापेक्षा लॅबमध्ये संध्याकाळी सातपर्यंत तुमच्याबरोबर बसलेल्या असिस्टंट प्रोफेसर मॅडमचं पत्र घ्या.

आणि एक नाजूक गोष्ट. बरेच सर म्हणतात, "तूच ड्राफ्ट करून आण, मी सही करतो." नाही म्हणणं अवघड असतं हे मान्य. पण तिन्ही पत्रं एकाच हातची असली की वाचणाऱ्याला दुसऱ्या परिच्छेदात कळतं. तेव्हा ड्राफ्टऐवजी एक पान टिपणं द्या: कुठल्या सेमिस्टरला काय शिकवलंत, मी कुठली असाइनमेंट केली, तुम्ही कुठली चूक दाखवलीत, मी ती कशी सुधारली. "सर, आठवायला सोपं जावं म्हणून लिहून आणलंय," असं म्हणून हातात द्या. बहुतेक सर मग स्वतःच लिहितात. मुदतीच्या किमान एक महिना आधी जा आणि दिवाळीची सुट्टी हिशेबात धरा.

पायरी ७: दोन पानांचा सीव्ही, आणि एकच नाव

सीव्ही इंग्रजीतच द्यायचा असतो. नमुना मराठीत दाखवते. माझी जुनी ओळ अशी होती:

"मशीन लर्निंग वापरून मराठी भावना विश्लेषण प्रणाली यशस्वीरीत्या विकसित केली. अचूकता ९१ टक्के."

ओळ छान वाटते ना? माझ्या चाचणीच्या डेटात दहातली नऊ वाक्यं तटस्थ होती. डोळे मिटून प्रत्येक वाक्याला 'तटस्थ' म्हटलं असतं तरी ९० टक्के मिळाले असते. म्हणजे वर्षभर राबून आम्ही एक टक्का कमावला होता. नंतरची ओळ:

"मराठी वाक्यांचं तीन गटांत वर्गीकरण, चौघांचा गट. माझं काम: वाक्यांवर खुणा करण्याचे नियम आणि मूल्यमापन. सगळ्यांना तटस्थ म्हटल्यास ९० टक्के, आमची प्रणाली ९१ टक्के. उपरोधिक वाक्यं जवळपास सगळी चुकली."

दुसरी ओळ वाचून कुणी टाळ्या वाजवणार नाही, पण प्रश्न विचारतील, आणि त्या प्रश्नांची उत्तरं मला येतात. गटाचं काम असेल तिथे 'आम्ही' कुठे आणि 'मी' कुठे ते स्पष्ट हवं. दहावीचे टक्के, छंद, वडिलांचं नाव, "वरील माहिती सत्य आहे" हे सगळं काढा.

आता नावाचं. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, आधारवर वडिलांचं नाव मध्ये, आणि लग्नानंतर बँकेत चौथंच. पेपरवर छापायचं नाव आजच ठरवा आणि जन्मभर तेच वापरा. 'एस. पाटील' असं लिहिलंत तर त्या नावाचे इतके निघतील की डीबीएलपीला तुमच्यापुढे ०००१, ०००२ असे आकडे लावावे लागतील, खरंच लावतात. पूर्ण नाव वापरा आणि ऑर्किडचा, म्हणजे संशोधकाच्या कायमच्या ओळखीचा, सोळा आकडी क्रमांक काढून ठेवा, फुकट आहे. मी लग्नानंतरही पेपरवर माहेरचंच नाव ठेवलंय. सासूबाईंनी एकदा विचारलं, मी डीबीएलपी उघडून दाखवलं, विषय संपला.

पायरी ८: गाइडचंही बॅकग्राउंड बघा

पाच वर्षं ज्यांच्याबरोबर काढायची त्यांची चौकशी लग्नाच्या स्थळाइतकी तरी करा. शोधगंगेवर भारतातल्या विद्यापीठांचे प्रबंध ठेवलेले असतात. तिथे गाइडच्या नावाने शोधा: किती विद्यार्थी पूर्ण झाले, नोंदणीपासून किती वर्षं लागली, प्रबंध वाचवतो का. मग डीबीएलपीवर बघा, विद्यार्थ्यांची नावं पेपरवर पहिली येतात का. सैद्धांतिक शाखेत नावं आडनावाच्या वर्णक्रमाने लावण्याची पद्धत आहे, तिथे हा निकष लागू नाही. बाकी शाखांत बहुधा काम करणारा पहिला आणि गाइड शेवटी. आणि सध्याच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठून चहा पाजा. "सर भेटतात का?" एवढंच विचारा. उत्तराआधी तो किती वेळ घेतो ते बघा.

गाइडना मेल लिहाल तेव्हा सहा-सात ओळी पुरे. तुम्ही कोण, त्यांचा कुठला पेपर वाचला, त्यात काय अडलं, त्याला जोडून तुम्ही काय केलंय, आणि जागा आहे का. "रिस्पेक्टेड सर, आय अॅम पॅशनेट अबाउट एआय" ने सुरू होणारा एकच मेल चाळीस जणांना पाठवला की तो चाळीस ठिकाणी कचऱ्यात जातो.

परदेशाचं दोन ओळींत: अमेरिकेत बीईनंतर थेट पीएचडीला घेतात, फी माफ आणि विद्यावेतन मिळणं हीच तिथे रीत आहे, अर्जांच्या मुदती बहुतेक डिसेंबरात असतात आणि जीआरई आता बऱ्याच विभागांनी सोडलीय. जर्मनीत पीएचडी ही बहुधा पगारी नोकरी असते, आधी मास्टर्स लागतं, आणि जाहिरात बघून अर्ज करायचा असतो.

पायरी ९: पैसे, नोटीस पिरियड आणि कागद

जेआरएफ सध्या महिन्याला ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००, वर घरभाडं. हे दर १ जानेवारी २०२३पासूनचे आहेत. राज्य विद्यापीठात नोंदणी झाली आणि नेटची फेलोशिप नसली तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. आपापल्या प्रवर्गानुसार अर्ज करता येतो. एका वेळी दोन फेलोशिप घेता येत नाहीत. नोकरीत राहून अर्धवेळ करायची तर संस्थेचं ना-हरकत पत्र आधी हातात घ्या.

पुष्कळ संस्थांत मुलाखती मेमध्ये होतात आणि जुलैत रुजू व्हायचं असतं. कंपनीचा नोटीस पिरियड ९० दिवसांचा. हे गणित बसत नाही, म्हणून मुलाखतीचं बोलावणं आल्या दिवशीच एचआरकडे नोटीस कमी करून देता येईल का, त्याचे किती पैसे भरावे लागतील, ते विचारून ठेवा. रिलीव्हिंग लेटरशिवाय काही संस्था नोंदणी पुरी करत नाहीत.

ट्रान्सक्रिप्ट आणि मायग्रेशन यांना विद्यापीठात महिनाही लागू शकतो, तेव्हा निकालाची वाट न बघता अर्ज टाका. ओबीसी असाल तर राज्याचा नॉन-क्रिमीलेअर दाखला आयआयटीत चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला वेगळा काढावा लागतो आणि तो बहुधा चालू आर्थिक वर्षातला, म्हणजे १ एप्रिलनंतरचा मागतात. सेतू केंद्रात एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच जा. दहावी-बारावीचे निकाल लागले की तिथे उभं राहायलाही जागा नसते.